पोकळ अक्षर आणि अखंड शिरोरेषा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेलें नृसिंहवाडी हें क्षेत्र कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें तेथें बारा वर्षें वास्तव्य झालें अशी भाविकांची श्रद्धा आहे, आणि औदुंबराखालच्या त्यांच्या पादुकांच्या दर्शनासाठीं वर्षभर यात्रेकरूंची रीघ लागलेली असते. लोकांच्या तोंडीं या गांवाचें नांव 'नरसोबाची वाडी', किंवा नुसतें 'वाडी'. कागदोपत्रीं मात्र तें 'नृसिंहवाडी'. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांचीं दुकानें आहेत आणि दुकानांवर पाट्या आहेत. यात्रेकरू गांवांत शिरला म्हणजे देवाच्या आधीं त्याची गांठ पडते ती अक्षरांशीं.

पाटीवरच्या अक्षरांचे प्रकार पुष्कळ. त्यांपैकीं एक जुन्या घराण्याचा, मोठा डौलदार प्रकार असा आहे कीं, त्यांत अक्षर रंगानें भरलेलें नसतें. अक्षराची फक्त कड रेखलेली असते आणि आंत पाटीचाच रंग दिसतो. यालाच पोकळ अक्षर म्हणतात. भरीव अक्षर जागा अडवून बसतें. पोकळ अक्षर तितकीच जागा घेतें, पण भार टाकीत नाहीं. म्हणून ग्रंथाचें मुखपृष्ठ, लग्नपत्रिकेचा माथा, नाटकाचें नांव, जुन्या पेढीची पाटी अशा ठिकाणीं तें शोभून दिसतें. इंग्रजी छपाईंत असें पोकळ अक्षर सुमारें दोनशें वर्षें वापरांत आहे. मराठी अक्षरजुळाऱ्याच्या केसींत मात्र हें अक्षर कधींच नीटसें नांदलें नाहीं; तें नांदलें चिताऱ्याच्या कुंचल्यांत. असें कां झालें, याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे आपल्या लिपीच्या स्वभावाचीच ओळख पटते.

प्रथम विलायतेंतील हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या भिंतींवर नाटकांच्या, लॉटऱ्यांच्या आणि मालाच्या जाहिराती लागूं लागल्या. पुस्तकांतील बारीक टाइपाला रस्त्यावर कोण विचारणार? तेव्हां ओतशाळांमध्यें चुरस लागली. १८०३ च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न यांनीं अतिजाड अक्षर काढलें. १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स यांनीं एका बाजूला सावली पडलेलें अक्षर दाखविलें. १८१६ मध्यें विल्यम कॅस्लन, चौथे, यांच्या नमुनापुस्तकांत टोंकांच्या आडव्या रेघा गाळलेलें साधें अक्षर आलें. आणि १८३० नंतरच्या थोड्याच वर्षांत नुसत्या कडेचें पोकळ अक्षर बाजारांत आलें. त्याचें एक भावंड अधिक जुनें आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे कारागीर भरीव अक्षराच्या पोटांत एक पांढरी खांच ठेवीत, आणि त्यामुळें अक्षर टांकीनें कोरल्यासारखें भासे. अमेरिकेंत फ्रेडरिक गौडी यांच्या १९१५ च्या टाइपावरून १९२२ मध्यें काढलेला खांचेचा टाइप आणि इंग्लंडांत जॉन पीटर्स यांनीं रेखलेला १९५७ चा 'कॅस्टेलर' हे त्याच कुळांतले.

इंग्रजी ओतशाळेला हें सर्व सोपें होतें, याचें कारण त्या लिपीची घडण. मोठीं अक्षरें सव्वीस. प्रत्येक अक्षर आपल्या शेजाऱ्यापासून सुटें उभें राहतें. प्रत्येकाची कड स्वतंत्रपणें पूर्ण होते, आणि सव्वीस पोलादी ठसे कोरले म्हणजे निम्म्याहून अधिक काम झालें. देवनागरीचें तसें नाहीं. आपलीं अक्षरें सुटीं नांदत नाहींत. शिरोरेषा त्यांना एका घरांत आणते. शब्द संपला कीं घर संपलें. ही शिरोरेषा सुट्या खिळ्यांनीं जोडावयाची कशी, हाच मराठी छपाईचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे.

तो पहिला दिवस पाहावयाचा तर वाडीहून फार लांब जावें लागत नाहीं. कृष्णेच्या पलीकडे कांहीं कोसांवर मिरज आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्याच्या दरबारीं असलेले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनानें एका तांबट कारागिरानें धातूवर अक्षरें कोरून छापण्याची विद्या हस्तगत केली होती. नाना फडणीस १८०० मध्यें निवर्तले. पुढें तो कारागीर मिरजेस आला, आणि गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता १८०५ मध्यें छापली गेली. योगायोग असा कीं, त्याच १८०५ सालीं बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनीं छापून निघालें.

एकाच वर्षांतलीं हीं दोन पुस्तकें दोन निरनिराळ्या वाटा दाखवितात. मिरजेचा कारागीर ओळच्या ओळ कोरीत होता. त्याच्या हाताखालीं शिरोरेषा ही एकच रेघ होती. ती कोठें तुटण्याचें कारण नव्हतें. श्रीरामपूरच्या जुळाऱ्यापुढें मात्र प्रत्येक अक्षराचा वेगळा शिशाचा तुकडा होता, आणि तुकड्याला तुकडा भिडवून तो शिरोरेषेचा आभास निर्माण करीत होता. जुनीं पुस्तकें भिंगाखालीं धरलीं तर त्या रेघेंत केसाएवढ्या फटी दिसतात. खिळे झिजत जातात तशा त्या फटी वाढतात. पत्र्याची वाट पाठासाठीं उत्तम, पण पुस्तकांच्या प्रसारासाठीं निरुपयोगी. कारण एक ग्रंथ संपला कीं सारे पत्रे निकामी होतात. खिळे मोडून पुन्हां दुसरा ग्रंथ जुळवितां येतो. म्हणून जय खिळ्यांचाच झाला, आणि तो होणें योग्यहि होतें.

मुंबईंत या खिळ्यांना जें रूप आलें त्याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं लहानपणीं काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें स्वतःची ओतशाळा घातली आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांची जोड त्यांना मिळाली. निर्णयसागराचा टाइप म्हणजे स्वच्छ, गोल, डोळ्यांना न शिणविणारा, ही ख्याति देशभर पसरली. काशीपासून दक्षिणेपर्यंत संस्कृत पंडितांनीं त्याच टाइपांत ग्रंथ वाचले.

मग अशा कुशल माणसांनीं पोकळ टाइपाचा पूर्ण संच कां घडविला नाहीं, असें कोणी विचारील. उत्तर हिशेबाचें आहे. मराठी केसींत सव्वीस नव्हे, तर शेंकडों खिळे लागतात. व्यंजनें, त्यांचीं अर्धीं रूपें, जोडाक्षरें, काने, वेलांट्या, मात्रा, उकार, रफार. प्रत्येक खिळ्यामागें पोलादाचा एक ठसा, तांब्याची एक मातृका आणि मग शिसें, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव रस. पोकळ अक्षराचा ठसा कोरण्याची मेहनत भरीव ठशाहून कितीतरी अधिक, आणि त्याच्या बारीक कडा छापतांना दाबाखालीं लवकर चेपतात. इतका खर्च करून तो टाइप वर्षांतून किती वेळां वापरला जाणार? मुखपृष्ठावर एकदां, पत्रिकेच्या माथ्यावर एकदां. खर्चापेक्षांहि मोठी अडचण शिरोरेषेची होती, आणि ती पैशानें सुटणारी नव्हती.

ती अडचण समजावयाची तर श्रोत्यांनीं एक कागद आणि पेन्सिल घ्यावी, आणि 'नृसिंहवाडी' हेंच नांव पोकळ अक्षरांत काढून पाहावें. सुट्या खिळ्यांच्या रीतीनें या शब्दाचे मुख्य तुकडे आठ होतात: न, वेलांटी, स, ह, व, काना, ड आणि शेवटची दीर्घ वेलांटी. ऋकार खालीं आणि अनुस्वार वर, हे निराळेच. आतां प्रत्येक तुकड्याची कड पूर्ण काढली, म्हणजे प्रत्येकाच्या शिरोरेषेला दोन्ही टोंकांना एकेक उभी रेघ आली. आठ तुकड्यांचे सांधे सात. प्रत्येक सांध्यांत एकाला एक चिकटून दोन रेघा. जी शिरोरेषा शब्दाला एकत्र बांधण्यासाठीं जन्मली, तिच्याच पोटांत सात भिंती उभ्या राहिल्या! डोळा पहिल्या अक्षरावरून निघतो आणि प्रत्येक भिंतीपाशीं अडखळतो. शब्द दिसत नाहीं; आठ पेट्यांची रांग दिसते.

आतां तेंच नांव चितारी कसें काढतो तें पाहावें. तो पाटीवर खडू लावलेली दोरी ताणून दोन समांतर खुणा उमटवितो. पहिल्यानें साऱ्या शब्दाचा सांगाडा खडूनें लिहून घेतो. मग हाताखालीं काठीचा आधार घेऊन कुंचल्यानें शिरोरेषेची वरची कड शब्दाच्या आरंभापासून शेवटापर्यंत ओढतो. जेथून वेलांटी वर उठते तेवढ्याच जागीं ती उघडी ठेवतो. खालच्या कडेला मात्र, जेथून अक्षराचा दंड किंवा मान खालीं उतरते तेथें तेथें तो वाट सोडतो. शेवटीं फक्त दोनच ठिकाणीं शिरोरेषा बंद होते: शब्दाच्या आरंभीं आणि शब्दाच्या अंतीं. असें केलें म्हणजे 'नृसिंहवाडी' ही एकच अखंड आकृति होते आणि आंतली मोकळी जागा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत वाहती राहते.

वाडीच्या लोकांना ही गोष्ट निराळ्या रीतीनें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पावसाळ्यांत कृष्णेला पूर आला म्हणजे पाणी उत्तरेकडून देवळांत शिरतें, पादुकांवरून वाहतें आणि दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. त्यालाच दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यांतील स्नान पुण्याचें मानतात. पाणी आंत येतें आणि न अडतां बाहेर जातें, यांतच त्या सोहळ्याचें सारें महत्त्व आहे. पोकळ शिरोरेषेंतून डोळ्यानें असेंच गेलें पाहिजे. म्हणून आपल्या लिपीचा नियम एका वाक्यांत सांगावयाचा तर तो असा: इंग्रजींत अक्षराची कड काढावी, मराठींत शब्दाची काढावी.

हा नियम कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेला नसतांना मराठी कारागिरांनीं तो पाळला, कारण त्यांच्या हातांत खिळा नव्हता. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें शिळाप्रेसवर पंचांग छापलें. शिळाप्रेसची मौज ही कीं, लेखकानें चिकट शाईनें जसें लिहिलें तसेंच तें दगडावर उतरतें. म्हणजे बोरूची अखंड शिरोरेषा छापखान्यांतहि अखंडच राहते. पुण्यास १८७८ मध्यें चित्रशाळा निघाली, आणि देवादिकांचीं नि थोर पुरुषांचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. चित्राखालचें नांव चित्राप्रमाणेंच रेखतां येऊं लागलें. पुढें जस्ताचे ठोकळे आले. नियतकालिकाचें नांव चिताऱ्यानें कागदावर काढावें, त्याचा फोटो घेऊन ठोकळा करावा आणि तो खिळ्यांच्या शेजारीं बसवावा, ही रीत रूढ झाली. कृष्णाकांठच्याच मुलखांत, किर्लोस्करवाडीस, १९२० मध्यें जें मासिक निघालें त्याचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे चित्रकलेचें रीतसर शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. मासिकाचें तोंड कसें असावें हें ठरविणारा माणूस स्वतः कुंचला धरणारा असला, म्हणजे काय फरक पडतो तें मराठी वाचकांनीं त्या वेळीं पाहिलें.

कोल्हापूरची परंपरा तर याहून ठळक आहे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां चित्रपटाकडे वळले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्यें पडद्यावर आला, आणि आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें ते स्वतः रंगवीत. त्यांच्या मागून आलेल्या जी. कांबळे यांच्यासारख्या कोल्हापुरी चित्रकारांनीं चित्रपटांचे भव्य फलक रंगविले. भित्तिपत्रकावर चित्र आणि अक्षर एकाच जागेसाठीं भांडत असतात. भरीव अक्षर चित्र झांकून टाकतें. पोकळ अक्षरांतून मागचें चित्र दिसत राहतें. चितारी हें भांडण कसें मिटवितो यावरून त्याची योग्यता ठरते. मुंबईंत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं मराठी नाटकांचीं नांवें रेखतांना प्रत्येक नाटकाला त्याच्या प्रकृतीचें अक्षर दिलें, आणि जाहिरातींतील नांव पाहूनच नाटकाची जात ओळखूं यावी अशी किमया केली. हीं सारीं नांवें हातानें काढलेलीं होतीं, म्हणजेच अक्षरशः नव्हे तर शब्दशः काढलेलीं होतीं.

पोकळ अक्षराचा मान राखावयाचा तर त्याच्या मर्यादाहि सांभाळल्या पाहिजेत. तें मोठ्या आकारांतच वापरावें. बारीक आकारांत दोन कडा शाईनें एक होतात आणि चिखल होतो. तें दोन-चार शब्दांपुरतेंच असावें. संपूर्ण मजकूर पोकळ अक्षरांत छापणें म्हणजे जेवणाच्या पानांत नुसती बासुंदी वाढणें होय. मागची भूमि शांत असावी. वेलबुट्टीवर पोकळ अक्षर ठेवलें कीं दोहोंचीहि माती होते. अनुस्वार पोकळ काढला तर तो शून्यासारखा दिसतो, म्हणून टिंब भरीवच ठेवणें बरें. 'नृ' मधील ऋकार आणि 'ह' ची खालची वळणें येथें जागा अरुंद असते. तेथें कड थोडी बाहेर सरकवावी, म्हणजे पोट बुजत नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें, जेथें वाचण्यावर माणसाचें बरेंवाईट अवलंबून आहे तेथें पोकळ अक्षर मुळींच नको. लांबून त्याची कड विरून जाते आणि संधिप्रकाशांत तें दिसेनासें होतें. वाडीच्या आसमंतानें २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर पाहिले आहेत. घाटाच्या पायरीवर 'पाणी खोल आहे' असें लिहावयाचें तर तें अक्षर जाड, भरीव आणि साधें असलें पाहिजे. परगांवची म्हातारी बाई तें वाचूं शकली नाहीं, तर अक्षराच्या डौलाला काय करावयाचें? पेढ्याच्या दुकानाचें नांव पोकळ असावें. पेढ्याचा भाव भरीव असावा. शोभा आणि उपयोग यांची अशी वांटणी जुना चितारी न सांगतां करीत असे.

विसावें शतक संपतां संपतां संगणक घरोघर आला आणि नव्या शतकांत रंगविलेल्या पाटीची जागा छापील फ्लेक्सनें घेतली. संगणकावर कोणत्याहि शब्दाची कड काढणें हें एका आज्ञेचें काम आहे. पण ती आज्ञा इंग्रजीच्या चालीनें घडलेली आहे. संगणकांतील देवनागरी अक्षरें शिरोरेषेच्या टोंकाशीं एकमेकांवर किंचित चढलेलीं असतात, म्हणजे फट दिसूं नये. भरीव छापलीं तर हा चढाव लपून जातो. पण कड काढण्याची आज्ञा दिली कीं प्रत्येक सांध्यांत तो उघडा पडतो, आणि जुन्या खिळ्यांच्या त्याच भिंती पुन्हां उभ्या राहतात. दोनशें वर्षांपूर्वीं श्रीरामपूरच्या जुळाऱ्याला जें कोडें पडलें होतें तेंच आज फ्लेक्स छापणाऱ्या तरुणाच्या पडद्यावर आहे. फरक इतकाच कीं, जुळाऱ्याला तें टोंचत होतें आणि या तरुणाला पुष्कळदां दिसतहि नाहीं. वस्तुतः उपाय सोपा आहे. शब्दांतील सर्व अक्षरें आधीं एकमेकांत मिळवून एकच आकृति करावी आणि मग तिची कड काढावी. कड आंतल्या बाजूस न वाढवितां बाहेरच्या बाजूस वाढवावी, म्हणजे अक्षराचें अंग कृश होत नाहीं. चितारी दोरी आणि कुंचला यांनीं जें करीत होता तेंच हें आहे.

यंत्रावर केवळ दोष ठेवणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. यंत्राला अक्षर शिकविणारे जाणते लोकहि मराठी मुलखांत झाले. आर. के. जोशी यांनीं संगणकासाठीं 'मंगल' ही देवनागरी अक्षरमाला रेखली आणि ती जगभर पोहोंचली. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनें 'मोदक' नांवाची अक्षरमाला काढली, तिचे रेखनकार सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे. तिच्यांत अक्षरें मोदकासारखीं गुबगुबीत आहेत आणि त्यांच्या पोटांत फक्त पांढऱ्या बारीक रेघा उरल्या आहेत. पोकळ अक्षराचें हें अगदीं उलटें रूप. पण कसोटी तीच. त्या पांढऱ्या रेघेची जाडी सर्वत्र सारखी राहावी म्हणून प्रत्येक अक्षर वेगळें हातानें रेखून मग संगणकांत उतरविलें गेलें. यंत्र वापरावयाचें पण हात सोडावयाचा नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो.

मिरजेच्या तांबटाचें नांव इतिहासांत ठळकपणें राहिलें नाहीं. पाट्या रंगविणाऱ्या शेंकडों चिताऱ्यांचीं नांवें तर कोठेंच नोंदलेलीं नाहींत. त्यांच्या पाट्या ऊन, पाऊस आणि पुराचें पाणी यांनीं धुऊन नेल्या. पाट्या जाणारच होत्या. पण त्यांच्याबरोबर त्यांचें ज्ञान जाऊं देणें हा आपला दोष होईल. मराठी शब्द हा सुट्या अक्षरांचा ढीग नव्हे, एका रेघेनें बांधलेलें कुटुंब आहे, हें त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या कारागिरांपैकीं कित्येकांना पंडितांहून अधिक नेमकें कळलें होतें. यापुढें वाडीला जाणाऱ्यानें दर्शनाच्या वाटेवर क्षणभर थांबून पाट्यांकडे पाहावें. गांवाचें नांव जेथें पोकळ अक्षरांत लिहिलें असेल तेथें शिरोरेषेवरून नजर फिरवावी. नजर 'नृ' पासून निघून 'डी' पर्यंत न अडतां गेली, तर ती पाटी लिहिणाऱ्याला आपली लिपि समजली होती असें खुशाल म्हणावें.